घरचं माणूस

"सत्यभामा, हे मिनिट्समध्ये नको," डीन इंग्रजीत म्हणाले.

सत्यभामाचं पेन थांबलं. कॉलेजच्या मेडिकल कार्डावर घरच्या कोणाकोणाची नावं घालता येतील, यावर सकाळपासून बैठक चालली होती. बायको, नवरा, मुलं इथवर सगळं सुरळीत होतं. मग नवीन आलेल्या डॉ. हॅरिसनी त्यांच्या अमेरिकेतल्या जुन्या कॅम्पसची हकिकत काढली. तिथे दोन पुरुष किंवा दोन बायका जोडप्यासारखा संसार करत असतील, तर त्यांनाही लग्नाच्या जोडीदाराइतकाच हक्क मिळावा, म्हणून वर्षभर वाद पेटला होता.

"आणि मिळाला?" कोणीतरी विचारलं.

"मिळाला."

हशा पिकला. अकाउंट्सचे अरुण देशकर शेजारी बसले होते. ते हळूच मराठीत म्हणाले, "ऐकलंत का मॅडम? उद्या रूम पार्टनरलाही घरवाली म्हणतील!"

ती हसली. हसावंच लागलं. मग लिहिलेल्या ओळी तिने नीट खोडल्या.

शारजातल्या अल मजाज भागात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती आणि हेमा अकरा वर्षं राहत होत्या. हेमा मिरजेची, नर्स. घरमालक त्यांना बहिणी समजे. हॉलमध्ये एक जादा पलंग कायम चादर घालून ठेवलेला असे, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावा म्हणून. त्यावर कधीच कोणी झोपलं नव्हतं. यंदा हेमाच्या किडन्या निकामी झाल्या, क्लिनिकने तिला कमी केलं आणि व्हिसा रद्द झाला.

बैठक संपल्यावर सत्यभामाने अरुणना गाठलं.

"सर, बहीण असेल तर? कार्ड, व्हिसा, काही?"

"सख्खी जरी असली ना मॅडम, तरी नाही. नवरा आणि मुलं. त्यापुढे खलास. का हो, कोण आजारी आहे?"

"नाही, सहज विचारलं."

जिन्यापाशी डॉ. हॅरिस थांबले होते. "मी हा विषय पुन्हा काढणार आहे," ते म्हणाले. "इथे कॉलेजात असं कोणी आहे का तुमच्या ओळखीचं? नाव बाहेर जाणार नाही."

त्यांचा चेहरा भला होता. पण त्यांना फार तर परतीचं तिकीट मिळालं असतं. तिला मात्र तुरुंग दिसत होता.

"नाही सर," ती म्हणाली. "असं कोणी नाही."

घरी मऊभात कालवताना तिने हेमाला सगळं सांगितलं. हेमा लक्ष देऊन ऐकत होती.

"मग तू काय म्हणालीस?"

"असं कोणी नाही म्हणाले."

हेमाने घास हळूहळू गिळला. "बरं केलंस की," ती म्हणाली. "मीपण तेच म्हटलं असतं." पण पुढचा घास तिने घेतला नाही.

आठवड्याने हेमाचा भाऊ गुणवंत तिला न्यायला आला. साधा, कामसू माणूस. सामान त्यानेच बांधलं. शारजा विमानतळाच्या दाराशी त्याने सत्यभामाला हात जोडले.

"ताई, लई केलंत तुम्ही तिचं. परक्या असून. आता काळजी नको, घरची माणसं आहेत."

तिने मान हलवली. व्हीलचेअरवरच्या हेमाच्या गळ्याभोवती शाल सारखी केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांसमोर त्याहून जास्त काय करणार? "पोचल्यावर फोन कर," सत्यभामा म्हणाली. "इन्शाल्ला," हेमा म्हणाली आणि थोडी हसली.

दार बंद झालं. काचेपलीकडे गुणवंत ट्रॉली घेऊन पुढे निघाला, हमालाने खुर्ची ढकलली. तेवढ्यात हेमाच्या सुजलेल्या पायातली एक सपात निसटून पडली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. खुर्ची वळली आणि दिसेनाशी झाली.

सत्यभामाचा हात काचेवर होता. आतून सफाईवाला आला. त्याने सपात उचलली, इकडेतिकडे पाहिलं. कोणीच पुढे येईना, तेव्हा त्याने ती कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि तेवढी फरशी पुसून घेतली.