सहा नंबरच्या खोलीपुढच्या चपला

ही २०२२ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुण्याजवळच्या सणसवाडीत तेव्हा कंपन्यांमुळं भाड्याची खोली मिळणं मुश्किल झालं होतं. जिथं एके काळी भागुबाईची बाजरी उभी राहायची, तिथं आता तिच्या पोरानं, रविराजनं, पत्र्याच्या आठ खोल्या काढल्या होत्या. सत्तर वर्षांची भागुबाई पायरीवर बसून आल्यागेल्यावर नजर ठेवायची.

होळीनंतर सहा नंबरमध्ये एक बाई तीन पोरींना घेऊन आली. सगळे तिला मॅडम म्हणत. पोरी पार्लरचं काम शिकतात, असं तिनं सांगितलं. संध्याकाळ झाली की पांढरी गाडी यायची, पोरी नटूनथटून तिच्यात बसायच्या, पहाटे परत यायच्या.

तीन नंबरातला गोकुळ, कंपनीतला फिटर, एकदा नळावर म्हणाला, "आज्जी, हे पार्लर रातचंच चालतंय व्हय?"

"तुझा डोळा बरा तिकडं असतोय रे?" भागुबाईनं त्याला झापलं. पण त्या दिवसापासून तिचंही लक्ष तिकडं जाऊ लागलं. पोरी कुणाशी बोलत नसत. काही विचारलं की आधी मॅडमच्या तोंडाकडं बघत. खिडकीचा पडदा कधी उघडा नाही. भागुबाईचं डोकं तापलं. आपल्या जागेत या सटव्यांनी धंदा मांडलाय!

"आई, समदे कागद हायेत त्यांचे," रविराज वैतागला. "तुझं आपलं कायतरीच."

मग ती स्वतःच गेली. "रविवारपातूर खोली मोकळी करा."

भांडणाच्या तयारीनंच गेली होती ती. पण मॅडम हसली. "बरं आजी. रविवारी सकाळीच नेते यांना. नगरच्या पुढं दुसरी जागा बघितलीये."

का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. भागुबाई परत पायरीवर येऊन बसली खरी, पण तिला चैन पडेना. एवढे भाडेकरू झाले, पण खोली सोड म्हटल्यावर हसणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं.

शनिवारी भर दुपारी सगळ्यात धाकटी पोर, वैष्णवी, बादली घेऊन नळावर आली. आवारातली खडी तव्यासारखी तापलेली. पोर टाचा उचलून, चवड्यांवर उड्या मारत चालली होती.

"चपला कुठं गं तुझ्या?"

"मॅडमकडं."

"तिच्याकडं कशापायी?"

"हरवतात म्हणून. गाडी आली की देतात, परत आलो की घेतात."

भागुबाईनं खोल्यांच्या रांगेवर नजर टाकली. प्रत्येक दारापुढं चपला-बुटांचा ढीग. सहा नंबरपुढं मात्र मॅडमचा उंच टाचांचा एकच जोड. महिनाभर ती हे बघत होती, आणि मनात म्हणत होती, टापटिपीची दिसते बाई.

आणि तिला दौंडचं स्टेशन आठवलं. साल एकसष्ट. ती नऊ वर्षांची, तिची थोरली बहीण बानू सोळाची. नवसापायी बानूला देवाला वाहिलेलं, गळ्यात कवड्यांची माळ. मुरळीला कुणाचं घर नसतं, असं सगळे म्हणायचे. मग कानात बाळी घातलेला एक माणूस आला, मुंबईत गिरणीत लावतो म्हणाला. बानूला दौंडच्या बाजारातून नव्या चपला घेतल्या होत्या. फलाटावर त्या माणसानं त्या काढून घेतल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या. "गर्दीत हरवतील," म्हणाला. बानू अनवाणी डब्यात चढली. घरी येताना भागी आईला म्हणाली होती, "किती चांगला मानूस, चपलासुदिक सांभाळल्या." आईनं पदर तोंडात कोंबला होता.

भागीची आज्जी तेव्हा सांगायची, पेशवाईत बाया विकल्या जात, कुणबिणी म्हणत त्यांना. भागीला ते फार फार जुन्या काळातलं वाटायचं.

"पोरी," भागुबाईनं विचारलं, "तुला जायाचंय का तिच्यासंगं?"

वैष्णवीनं सहा नंबरच्या दाराकडं पाहिलं. "आजी, पोलिसांना नका सांगू. घरी कळेल." आणि अर्धी भरलेली बादली उचलून गेली.

पोर हो म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. आणि उद्या गाडी हलली की तिघी गेल्याच. जा म्हणणारी कोण, तर आपणच.

रविवारी उजाडताच भागुबाई सहा नंबरच्या उंबऱ्यात जाऊन बसली. गोकुळला तिनं पोलिसांना फोन करायला लावला होता. गाडी आली. मॅडम बॅग घेऊन उभी.

"आजी, उठा. तुम्हीच म्हणालात ना, खोली खाली करा?"

"तुला म्हनले. पोरींला न्हाई."

"तुमच्या घरात आहे का कुणी असली? एवढा पुळका आलाय तो?"

"व्हती. माझी थोरली भन. त्यांच्या चपला काढ आधी."

पहिल्यांदाच मॅडमचं हसू मावळलं. तिनं ड्रायव्हरला खूण केली, पण रात्रपाळीहून आलेली पोरं गोकुळमागं उभी होती. रविराज धावत आला. "आई, लोक बघत्यात!"

"बघू दे की. बानूला कुनी बघितलं न्हाई."

चाळीस मिनिटांनी पोलिस आले. साहेबांनी विचारलं, "कुणाला बाहेर यायचंय?" पोरी मॅडमच्या तोंडाकडं बघू लागल्या. भागुबाईनं आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि वैष्णवीपुढं सरकवल्या. पोरीनं किती तरी वेळ त्यांच्याकडं पाहिलं. मग पाय घातले आणि उंबऱ्याबाहेर आली. तिच्यामागून दुसऱ्या दोघी.

पुढं मॅडम जामिनावर सुटली. गोकुळला ती शिरूरच्या बाजारात दिसली. तिनं ओळख दाखवून नमस्कारसुद्धा केला. गोकुळ नंतर गावी गेला, शेती बघतो. बाकीच्या दोघींना त्यांच्या राज्यात पाठवलं, पुढचं ठाऊक नाही. रविराज वर्षभर आईशी धड बोलला नाही; आता भाडेकरूंना भेटायला तिलाच पुढं घालतो. वैष्णवी पुण्याच्या संस्थेत सात महिने होती. बाप न्यायला आला नाही. आता ती एका दवाखान्यात आया आहे. तिनं एकदाच फोन केला, आभार वगैरे मानले नाहीत, "चपला तुटल्या, आजी," एवढंच म्हणाली.

बानूचं काय झालं, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. भागुबाई अजून रोज सकाळी खोल्यांपुढून एक फेरी मारते, मान खाली घालून, दारापुढच्या चपला बघत.