तीन फाट्यांचा नियम

ऑर्फा क्रायडरने मेलेल्या हरणाचा गाल सुरीने चिरला, झाडं छाटायची लांब दांड्याची कात्री आत सरकवली आणि दोन्ही हातांनी दाबून खालचा जबडा तोडून घेतला. नळाखाली धुऊन तो दिव्यापाशी धरला. मागच्या दाढा जेमतेम झिजायला लागल्या होत्या.

“अडीच वर्षांचा,” ती म्हणाली. “आणि वजन एकशे सोळा पौंड. डेल, तुझ्या वडिलांनी असला नर घरी आणला नसता, लाजले असते.”

डेल हसला. दुधाचा टँकर चालवणारा चाळिशीचा माणूस. हरीण त्याचंच होतं. गॅरेजच्या थंडीत हात चोळत त्याने खिशातून एक घडी केलेलं पत्रक काढलं.

“काकू, तुमचं नाव छापून आलंय. पाहिलंत?”

पत्रक बीच रन शिकार क्लबचं होतं, आजूबाजूच्या सगळ्या क्लबांना पाठवलेलं. वर अध्यक्ष मर्ल स्वँकचा फोटो. शिंगांनी भरलेल्या भिंतीखाली काठी टेकून उभा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एका शिंगाला निदान तीन फाटे असल्याशिवाय नर मारायचा नाही, या नियमामुळे नऊ वर्षांत शिंगांची सरासरी दीडपट झाली. कळप सुधारला. तुम्हीही हा नियम करा. आणि शेवटी : आधार, ऑर्फा क्रायडर यांच्या नोंदी.

ऑर्फाने पत्रक दोनदा वाचलं. मग नळावर जाऊन हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

क्लबची हरणं वीस वर्षं तिच्याच गॅरेजमध्ये कापली जात होती. नियम आला त्या सालापासून प्रत्येक नराचं वय, वजन आणि शिंगांचा घेर ती वहीत लिहीत आली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तिलाच जाणून घ्यायचं होतं. वही गेल्या महिन्यात मर्लने मागून नेली, तेव्हा तिला बरंसुद्धा वाटलं होतं.

“कळप सुधारला म्हणे,” ती म्हणाली. “पाच फुटांखालच्या पोरांना शाळेत घ्यायचंच नाही, आणि मग सांगायचं, बघा आमची पोरं किती उंच झाली. छोट्या शिंगांचा नर मारायलाच बंदी, तर भिंतीवर मोठी शिंगं नाही लागणार तर काय लागणार?”

“पण छोटे वाचतात ना, काकू. पुढे मोठे होतात.”

“वाचतो कोण ते बघ की. दीड वर्षाचा, चांगला पोसलेला नर असेल तर पहिल्याच वर्षी त्याला तीन फाटे फुटतात. त्याला तुम्ही गोळी घालता. शेजारचा मरतुकडा डोक्यावर दोन सुया घेऊन हिंडतो, तो वाचतो. नऊ वर्षं तुम्ही निवडून निवडून चांगले मारताय. माद्यांना तर कोणी हातच लावत नाही. त्यांनी जंगलात नेच्यांशिवाय काही ठेवलंय का खायला? नव्वद साली अडीच वर्षांचा नर एकशे तीस भरायचा. हा बघ, लटकलाय तुझ्यासमोर.”

डेलने लटकलेल्या हरणाकडे पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला तिने ते पत्रक नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं. हार्लनने चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि होतं तसंच घडी घालून ठेवलं.

“जाऊ दे ना.”

“काय जाऊ दे? माझं नाव आहे त्यावर.”

“मर्ल आहे तो.”

“मर्ल आहे म्हणून काय?”

हार्लनने मान खाली घातली. एकोणनव्वद साली, हंगामाच्या पहिल्या दिवशी, बीचच्या झाडांत तपकिरी काहीतरी हललं म्हणून त्याने गोळी झाडली होती. तो मर्ल होता, बुटाची नाडी बांधायला वाकलेला. खुबा फुटला. हार्लनचा परवाना पाच वर्षांसाठी गेला, आणि ती मुदत संपल्यावरही त्याने नवा काढला नाही. कोर्टात मर्ल एवढंच म्हणाला की धुकं फार होतं. तेव्हापासून या घरात मर्लविरुद्ध शब्द निघत नसे. दर नाताळाला ऑर्फा त्याच्याकडे घरी भाजलेला केक घेऊन जायची, तो पुढे करेल त्या खुर्चीत बसायची आणि तो म्हणेल त्याला हो म्हणायची. दहा वर्षं झाली होती याला.

“कमरेत गोळी लागली म्हणून माणसाला खोटं छापायचा परवाना मिळत नाही,” ती म्हणाली.

हार्लन उठला, ताट मोरीत ठेवून आत गेला. शब्द फार लागला हे तिला दिसत होतं. तिने तो मागे घेतला नाही.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी क्लबची वार्षिक सभा होती. दुपारी दालनात आंबवलेल्या कोबीचा आणि डुकराच्या मांसाचा वास भरला होता. दरवर्षीप्रमाणे स्वयंपाक हार्लनकडे होता. शिकार सुटली तरी त्याने सभासदत्व सोडलं नव्हतं. मर्लने वही परत केली. ऑर्फा ती घेऊन उभी राहिली आणि एकेका सालाचे आकडे वाचत गेली.

“हे माझे आकडे,” ती शेवटी म्हणाली. “पत्रकात आहेत ते भिंतीवरच्या शिंगांचे. जंगलातली हरणं दरसाल हलकी होत चालली आहेत. मर्ल, तुला हे वहीत दिसलं होतं की नाही?”

“दिसलं होतं,” मर्ल म्हणाला.

“मग माझं नाव कशाला घातलंस?”

“तुझ्यावर लोक विश्वास ठेवतात म्हणून.”

दालनात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं की नियम रद्द करायचा का, ते मताला टाका. मर्ल यावर तासभर बोलेल, भिंतीकडे बोट दाखवेल, अशी तयारी ठेवून ती आली होती. तो जमिनीकडे बघत राहिला. नियम रद्द करण्याच्या बाजूने एकतीस हात वर झाले. विरुद्ध कोण, असं विचारल्यावर मर्लने आपला हात उचलला. आणि स्वयंपाकघराच्या दारात, एप्रन बांधलेल्या हार्लनने आपला.

परतताना पिकअप ऑर्फा चालवत होती. रस्त्याच्या कडेचा बर्फ चिखलाने काळा पडला होता.

“एकतीस लोकांनी माझं ऐकलं,” ती म्हणाली. “घरच्या माणसाने नाही. अजून किती वर्षं फेडायचं आहे त्याचं? मला एकदा सांगून टाक.”

हार्लनने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“तुझे आकडे बरोबर आहेत,” तो म्हणाला.

“मग?”

“तीन फाटे मोजायला किती वेळ लागतो ठाऊक आहे? आधी डोकं शोधावं लागतं. मग एक शिंग. ते हलायचं थांबेपर्यंत आपल्यालाही थांबावं लागतं.” त्याने खिडकीची काच उगाचच पुसली. “मी थांबलो असतो तर मला त्याची शिकाऱ्याची केशरी टोपी दिसली असती.”

ऑर्फाने गाडीचा वेग कमी केला.

“त्याआधी मी एकटाच नव्हतो. आपल्याच क्लबातल्या लेस्टरने स्वतःच्या मेव्हण्याच्या दंडात गोळी घातली होती. नियम आल्यापासून नऊ वर्षं त्या डोंगरावर माणसाला गोळी लागलेली नाही.”

“हे मर्लने सांगितलं तुला?”

“मर्ल कधीच काही बोलला नाही. पुढच्या वसंतात काठी टेकत आला आणि शिंगांचा नियम मांडला. ज्याला आयुष्यात शिंगांचं कधी कौतुक नव्हतं, तो माणूस. मला तेव्हाच कळलं.”

“मग सरळ सांगायचं होतं त्याने. आधी नीट बघा, मग गोळी घाला, असा नियम करायचा.”

“तो मांडला असता तर सगळ्यांनी वळून कोणाकडे बघितलं असतं?”

घराचं वळण आलं. ऑर्फा ते ओलांडून पुढे गेली आणि मर्लच्या दारापुढे जाऊन तिने गाडी थांबवली. मर्ल नुकताच पोचला होता. दार उघडलं तेव्हा अंगात कोट तसाच होता. ती पायऱ्या चढून गेली.

“नाव घातलंस ते वाईटच केलंस,” ती म्हणाली. “त्याचा राग आहे मला, आणि राहणार.”

“राहू दे,” मर्ल म्हणाला.

“कळप सुधारलेला नाही. तेही मी सगळ्यांना सांगणार. पण पुढच्या हंगामाआधी दुसरा नियम पाहिजे. अख्खं जनावर दिसल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही. मार्चच्या सभेत मी मांडते.”

मर्लने तिच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

“कोणीतरी विचारेल, आजच का सुचलं. काय सांगशील?”

मागे गाडीचं दार उघडलं आणि लागलं. बर्फातून कोणीतरी सावकाश चालत येत होतं. हार्लन पायरीपाशी थांबला. त्याच्या कोटाखालून अजून एप्रन लोंबत होता. या घराची पायरी तो दहा वर्षांत चढला नव्हता.

“ते मी सांगतो,” तो म्हणाला.

मर्लने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बाजूला सरकून दार पुरतं उघडलं.