एकट्या आणि दुकट्या

किड्यांच्या मोजणीत एकदाच सापडलेली जात ती एकटी, दोनदा सापडलेली ती दुकटी. एकट्या जितक्या जास्त, तितक्या अजून न दिसलेल्या जातीही जास्त, असं हिशेब सांगतो. दुकट्या वाढल्या की एकूण जातींचा अंदाज धाडकन खाली येतो. प्रयोगशाळेमागची पाणथळ या अंदाजावरच तगून होती. ठरलेल्या आकड्याखाली गेला, की तिच्यावर भराव पडणार होता.

किडेबाईचा त्या पाणथळीवर जीव होता. नवऱ्यावर होता त्याहून जास्त, आणि हे नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो शेजारच्याच टेबलावर तिच्या मोजणीवरून अंदाजाची आकडेमोड करायचा. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, एवढा एकच करार त्यांच्या संसारात शाबूत होता.

शेवटच्या पाहणीत तिने जमिनीत पुरलेला सापळ्याचा पेला उचलला. तळाशी शिंगवाला काळा भुंगेरा बोडक्या तपकिरी भुंगेऱ्यावर चढला होता. दोघेही आधी एकेकदाच सापडलेले, तिने दोन जाती म्हणून नोंदवलेले. हे तर नर-मादी, म्हणजे जात एकच! एका फटक्यात दोन एकट्या गेल्या.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने चिमट्याने त्यांना ओढलं. सुटत नव्हते मेले. मादीचा पाय तुटला. दोघांना तिने वेगवेगळ्या बाटल्यांत, अल्कोहोलमध्ये बुडवलं आणि धडपड थांबेपर्यंत पाहत राहिली. चिठ्ठ्या दोन, जाती दोन. तिला रडू आलं, पण नोंदीखाली तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवून नवरा चहा घेऊन आला.

"गेली गं तुझी पाणथळ. जरासाच कमी पडला आकडा."

"असा कसा?"

"तुझा काळा आणि तुझा तपकिरी. दोन्ही जाती काल दुसऱ्यांदा सापडल्या, म्हणून एकट्यांतून उठून दुकट्यांत जाऊन बसल्या. एकाच जातीचे निघाले असते, तर चारदा दिसलेली एक जात झाली असती. दुकट्या वाढल्याच नसत्या. आरामात वाचली असती."

"एकाच जातीचे आहेत ते," ती कशीबशी म्हणाली. "जोडीत होते. मीच सोडवले."

तो मनापासून हसला. "काल सही करून दोन म्हणालीस, आणि आकडा पडल्यावर आज एक? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच, तर तुझी बाकीची मोजणीही कचऱ्यात जाईल." त्याने चहावर फुंकर मारली. "विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

भरावाचे ट्रक आले त्या दिवशी किडेबाईने दोन्ही भुंगेरे एका बाटलीत ठेवले. मादीचा पाय मात्र कुठेच सापडला नाही.