राघूचा हिरवा डोळा

पौषातली सकाळ. कृष्णेच्या डोहावरून उठलेलं धुकं घाटाच्या पायऱ्या चढत चढत वर यावं, देवळाच्या कळसाला ओझरतं शिवावं आणि कन्याशाळेच्या कौलांवर येऊन थबकावं, अशी ती मंद, शीतल, दुग्धधवल सकाळ. पूर्वेला केशर सांडलं होतं. कोवळं ऊन गावातल्या घराघराच्या माथ्यावरून हात फिरवीत चाललं होतं. शाळेची दर्शनी भिंत तेवढी काळी होती. साठ-पासष्ट पावसाळ्यांनी तिच्यावर शेवाळ चढवलं, साठ-पासष्ट उन्हाळ्यांनी ते जाळलं, आणि थरावर थर साचून ती चुलीमागच्या भिंतीसारखी काळीकुट्ट झाली होती.

त्या काळिम्याखाली एक वेल होती. चुन्याची वेल! शुभ्र, लवचिक, पुष्पभारानत, जोत्यापासून थेट सज्जापर्यंत चढत गेलेली. आणि सज्जाखाली, अगदी शेवटच्या डहाळीवर, मान वाकडी करून बसलेला एक राघू. येसाजी गवंड्यानं तो घडवला, तेव्हा त्याची सहा वर्षांची लेक चुन्याच्या घमेल्याशी खेळत होती. खेळता खेळता पडली, हातातली हिरवी बांगडी फुटली, आणि पोरीनं रडून आकाश डोक्यावर घेतलं.

"उगी गं चंपे," येसाजी म्हणाला. "तुझी बांगडी राघूला देऊ या. त्याला डोळा नाही बघ."

आणि त्यानं ती हिरवी काच ओल्या चुन्यात अंगठ्यानं हलकेच दाबून बसवली. पुढं देणगीदाराचं नाव संगमरवरावर आलं, सोनेरी अक्षरांत आलं. येसाजीचं नाव कुठंच आलं नाही.

चंपा त्याच शाळेत शिकली, त्याच शाळेत शिक्षिका झाली, चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. सारं गाव तिला चंपाबाई म्हणे. रोज प्रार्थनेला मुलींचे डोळे मिटत आणि बाईंचे डोळे वर सज्जाकडे जात. सकाळच्या तिरप्या किरणात तो हिरवा ठिपका क्षणभर लखलखे. तेवढ्यानं बाईंचा दिवस गोड होई. मग एका वर्षी पंख काळा पडला, एका वर्षी चोच बुडाली, आणि कुठल्या वर्षी तो डोळा मिटला, ते बाईंच्या लक्षातही राहिलं नाही.

आणि आता बाईंचेच डोळे मिटत चालले होते. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत सरकत होता आणि मधोमध उरला होता नळीएवढा उजेड. मिरजेच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "पाडव्यापर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या, बाई," ते म्हणाले. बाईंना फार काही पाहायचं नव्हतं हो. काशी नको होती, रामेश्वर नको होतं. तो राघू एकदा, फक्त एकदा, लख्ख पाहायचा होता.

म्हणून शाळेच्या हीरकमहोत्सवासाठी भिंत धुवायची ठरली, तेव्हा बाईंचा जीव सुपाएवढा झाला. पुण्याहून वैशंपायन आले. जुन्या इमारती धुणं, सांधणं हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. त्यांनी भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं.

"बद वाजतंय," ते म्हणाले. "गिलावा आतून सुटलाय. हा काळा थर मळ वाटतो खरा, पण आता तोच सगळं धरून आहे. आधी पोकळीत चुना भरायचा, तो वाळू द्यायचा, मग मऊ कुंचल्यानं, वीतवीत. सहा महिने तर लागतीलच."

सहा महिने! महोत्सव समितीतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. बसस्टँडमागचा अंकुश ट्रक धुवायचा जोरकस पाण्याचा पंप घेऊन एका दिवसात भिंत चकाचक करून देतो म्हणत होता, तेही निम्म्याहून कमी पैशांत. समितीत दोन मतं इकडे पडली, दोन तिकडे. मग सगळे बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही म्हणाल तसं."

भिंतीचं ते बद वाजणं बाईंना ऐकू आलं नव्हतं असं नाही. गवंड्याची लेक ती! पेर वाजवून भिंतीचं पोट ओळखायला तिला बापानं अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. वैशंपायनांनी वाजवलं तेव्हा ते बद, मुकं, पोकळ उत्तर त्यांच्याही आधी तिच्या काळजात उमटलं होतं. पण सहा महिन्यांनी राघू कितीही उजळला, तरी तो पाहणार कोण? लोभ सुटला बाईंना. आयुष्यात पहिल्यांदा लोभ सुटला.

"अंकुशलाच सांगा," बाई म्हणाल्या.

तर अशी ती पौषातली सकाळ. पंप घरघरला, नळी फुगली, पाण्याची धार सुटली. शुभ्र, सरळ, फणफणती धार! पहिल्याच फटकाऱ्यात काळिमा उतरला. काळं पाणी, राखी पाणी, मग पांढरं पाणी. एक पान उजळलं. दुसरं उजळलं. कळी उजळली, फूल उजळलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. बाई अंगणात मान वर करून उभ्या होत्या, नळीएवढ्या उजेडातून पाहत होत्या, आणि त्यांच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतकं सुख त्यांना सोसवत नव्हतं.

धार सज्जाखाली पोचली. चोच दिसली. वाकडी मान दिसली. बापानं नखानं कोरलेला गळ्याचा कंठ दिसला. डोळ्याच्या जागी अजून काळा ठिपका होता.

"अंकुश!" बाई ओरडल्या. "थोडं वर रे! डोळ्यावर मार, डोळ्यावर!"

अंकुश गुणी माणूस. बाईंचा शब्द त्यानं खाली पडू दिला नाही. धार इंचभर वर गेली.

भिंतीनं एक सुस्कारा टाकला, बस्स. मग राघू पुढं झुकला, डहाळी झुकली, सगळी वेलच्या वेल ओल्या भाकरीसारखी सुटून खाली आली. पानं, फुलं, कळ्या, कंठ. साऱ्याचा फरशीवर लगदा झाला. मागं उरली नुसती भिंत. पांढरी, गुळगुळीत, उघडी भिंत.

पंप थांबला. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. अंकुश शिडीवरून धावत खाली आला.

"हलकंच मारलं ओ बाई. आईशप्पत. नुसतं पाणी लागलं फक्त, तितं कायबी धरलेलंच नव्हतं."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही, बाळा. मला माहीत होतं."

आणि त्या खाली बसल्या. नेसूचं पातळ भिजलं, कोपरापर्यंत हात चुन्यात गेले. गटाराकडे ओढ घेणाऱ्या त्या पांढऱ्या चिखलात त्या चाचपू लागल्या. खडा लागे, तो उचलून डोळ्यांशी नेत, त्या नळीएवढ्या उजेडात धरत, टाकून देत. पुन्हा चाचपत, पुन्हा नेत, पुन्हा टाकत. कुणीतरी म्हणालं, "उठा बाई, हाताला लागेल काच." काच हाताला लागावी, एवढंच तर बाई मागत होत्या.

ऊन वर आलं. धुकं विरलं. नवी भिंत लख्ख झळाळली. बाईंच्या बोटांमधून पाणी वाहत राहिलं. आधी दाट पांढरं, मग फिकं पांढरं, मग नुसतं पाणी.