कॉफीचा ठोका

माझ्यावर बसू नका, मित्रांनो. मधोमध तडा गेला आहे. बूड चिमटेल आणि मग बोल मात्र मला लावाल. त्या पालथ्या बादलीवर बसा आणि ऐका.

मी लाकडे फोडायचा ठोकळा आहे. जुना, गाठाळ आणि आता निकामी. या पडवीत भिंतीला टेकवून मला ठेवले आहे. भिंतीपलीकडे गुनवोरचे स्वयंपाकघर आहे. तिची किटली, तिची पावले, सारे मला ऐकू येते.

कधीकाळी मी नदीच्या वळणावर बर्चचे झाड होतो. दरीतला सगळा वारा माझ्याच अंगावर यायचा. त्याच्याशी झोंबून झोंबून माझ्या अंगात पीळ भरला, गाठी आल्या. हाल्वोरने मला पाडले तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि नव्या नवऱ्याला असतो तेवढा जोर त्याच्या दंडात होता. माझ्या बुंध्यावर त्याने कुऱ्हाड घातली, ती रुतून बसली. उपसून पुन्हा घातली, पुन्हा रुतली. मग लोखंडी पाचर ठोकली, तर ती उडून बर्फात जाऊन पडली. गुनवोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होती.

"काय रे, तू लाकूड फोडतोयस की लाकूड तुला?"

"फुटतच नाहीये गं! महाहट्टी आहे."

"मग ठेव तसाच. घरात एक हट्टी आहेच, जोडी होईल."

हाल्वोर घाम पुसत हसला. त्याने मला दोन्ही बाजूंनी सपाट कापले आणि त्या खिडकीखाली उभे केले. अशी मला नोकरी लागली.

नोकरी विचित्र होती, मित्रांनो. ज्यांच्या शेजारी मी उभा राहिलो, ज्यांच्या फांद्या वाऱ्यात माझ्या फांद्यांना लागत, तेच एकेक करून माझ्या डोक्यावर येत आणि दुभंगून खाली पडत. ओला बर्च फुटताना आतून एक बारीक उसासा निघतो. माणसांना तो ऐकू येत नाही. मला येई. हिवाळ्यात दुपारीच अंधारून आले आणि अंगणात कोणी नसले की ते सगळे उसासे मला पुन्हा ऐकू येत. मी तेव्हापासून भुताखेतांतच राहतो म्हणा ना.

आमच्या दरीत लाकडाचा एक नेम आहे. हिवाळा सरता सरता, झाडात रस चढायच्या आत ते पाडायचे. पाने फुटायच्या सुमारास फोडून थप्पी रचायची. उन्हाळाभर वारा आणि ऊन द्यायचे आणि मग येणाऱ्या हिवाळ्यात जाळायचे. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहायचे. खणखणीत वाजले तर सुके, भद्द वाजले तर ओले. आज राबायचे आणि ऊब पुढच्या बर्फात मिळायची, असा हा व्यवहार. राबणारा तोवर असेलच, असे मात्र कोणी लिहून दिलेले नसते.

हाल्वोरची थप्पी बघायला लोक मुद्दाम रस्ता वाकडा करून येत. रस्त्यापलीकडचा अस्लाक तर दर वसंतात यायचा, हात पाठीमागे बांधून थप्पीभोवती फिरायचा आणि खोट काढल्याशिवाय जायचा नाही.

"डाव्या अंगाला कललीये रे."

"थप्पी सरळ आहे. तुझी मान कललीये."

पण कल होता, आणि तो मला ठाऊक होता. तरुणपणी हाल्वोर घसरून खांद्यावर पडला होता. तेव्हापासून त्याचा प्रत्येक घाव किंचित डावीकडे झुकून यायचा. माझ्या माथ्यावरच्या खुणा बघा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या आहेत.

आणि दिवसाचे काम संपले की तो एक ठोका द्यायचा. ओंडका न ठेवता, थेट माझ्या डोक्यात. लाकूड फुटायचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, भरीव, जमिनीतून आल्यासारखा. तो ऐकला की आत गुनवोर किटली चढवायची. ठोका म्हणजे, "मी आलो, कॉफी ठेव." इतक्या वर्षांत त्याने हे तोंडाने कधी सांगितले नाही आणि तिने कधी विचारले नाही. कुऱ्हाड तशीच माझ्यात रुतवून तो आत जायचा. तो ठोका मला आवडायचा. बाकीचे घाव दुसऱ्यांचे होते, हा एकटा माझा होता.

मग तो वसंत आला. थप्पीची शेवटची ओळ लावून झाली. हाल्वोरने ठोका दिला आणि आत न जाता तो माझ्यावर टेकला. कुऱ्हाडीच्या दांड्यावर हात, पाठ भिंतीला. मला त्याचे वजन कळत होते. मग ते वजन वेगळे झाले. कसे ते मला सांगता येत नाही. ओंडक्याचे वजन आणि झाडाचे वजन जसे वेगळे असते, तसे.

आत कॉफी झाली. गुनवोरची हाक आली.

"हाल्वोर! थंड होतेय!"

थोड्या वेळाने पुन्हा, आवाज चढवून.

"तुला काय आमंत्रण पाठवायचं का आता? मी नाही हं पुन्हा गरम करणार!"

ती रागावली होती. आपल्या माणसावर रागावतात तसे, सवयीने. ती बाहेर आली तेव्हा कॉफी पार थंड झाली होती आणि तोही.

अस्लाकने माझ्यातून कुऱ्हाड उपसून पडवीतल्या खिळ्याला टांगली. पानगळीच्या सुमारास त्यानेच ती शेवटची थप्पी पडवीत आणून नीट रचून दिली. शिवाय आपल्या रानातली ताजी लाकडे अंगणात आणून टाकली.

"ही पुढच्या वर्षीची हं, गुनवोर. सावकाश फोडू, रचून ठेवू. या वर्षी हात लावायचा नाही. हाल्वोरचीच तुला पुरून उरतील."

"कळतं मला," ती म्हणाली. "सत्तर हिवाळे काय झोपून काढले?"

आणि अस्लाकची पाठ वळताच तिने उलटेच केले. मित्रांनो, ज्या बाईने जन्मभर सुके-ओले नुसत्या वासाने ओळखले, तिने जाणूनबुजून ओले लाकूड जाळायला सुरुवात केली. खिळ्यावरची कुऱ्हाड काढायची, माझ्यावर ओल्या लाकडाचे बारके तुकडे करायचे, कुऱ्हाड परत टांगायची आणि तुकडे आत न्यायचे. हाल्वोरच्या थप्पीतले एक लाकूडही तिने हलवले नाही. जाता-येता तिच्यावर हात तेवढा फिरवायची. थप्पी संपली की हाल्वोरच्या हातचे या जगात काही उरणार नव्हते.

ओले लाकूड शेगडीत फसफसते, ऊब देत नाही आणि त्याच्या धुराने धुराड्याला आतून डांबरासारखी काजळी धरते. एके दिवशी ती काजळीच पेट घेते. आमच्या दरीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी खिडकीखाली उभा होतो, पिवळट जाड धूर माझ्या डोक्यावरून जात होता आणि मला काही बोलता येत नव्हते.

माझ्याकडेही त्या वर्षी कोणाचे लक्ष नव्हते. हाल्वोर पावसाआधी मला पडवीत ओढायचा. या वेळी मी बाहेरच राहिलो. पावसाचे पाणी माथ्यावरच्या खुणांतून आत मुरले आणि कडाक्याची थंडी पडली तेव्हा ते पोटात गोठून फुगले. एका सकाळी माझ्या आत तडाखा बसला. ठक्!

दार धाडकन उघडले. गुनवोर नुसत्या लोकरी मोज्यांवर बर्फात धावत आली.

"हाल्वोर?"

तिने माझ्याकडे पाहिले, अंगणात पाहिले, पडवीत डोकावली. कुऱ्हाड खिळ्यावरच होती. ती आत गेली आणि थोड्याच वेळात मला किटलीचा आवाज आला. मग दोन पेले टेबलावर ठेवल्याचा.

तो आवाज माझा होता, मित्रांनो. बाई, तो नाही, मी तडकतोय, असे ओरडून सांगावेसे मला वाटे. पण थंडी वाढली की मी पुन्हा तडके आणि दर वेळी ती धावत येई. एकदा ठोका ऐकून ती बसून राहिली होती ना, म्हणून आता ती क्षणभरही थांबत नसे. मला तिची फार दया येई.

एकदा अस्लाक आला तो धुराड्याकडे बघतच.

"गुनवोर, हा कसला गं धूर? काय जाळतेस, जुने जोडे?"

"हवा कोंदट आहे."

"हवा नाही, तू कोंदट आहेस. धुराडं साफ करणाऱ्याला बोलावतो."

"वसंतात बोलाव. मला आता घरात माणूस नको."

तिने दार लावून घेतले. अस्लाक बराच वेळ अंगणात उभा राहिला आणि मग बर्फ तुडवत गेला.

आणि मग तो दिवस आला. हिवाळ्याच्या मध्यातच हवा उबदार झाली होती. पागोळ्या गळत होत्या, अंगणात चिखल झाला होता. माझ्या आतले बर्फही वितळले होते, तड्यातून पाणी झिरपत होते. दुपारची वेळ होती. गुनवोर जेवून शेगडीशेजारच्या खुर्चीत डुलकी घेत होती. तिचे संथ घोरणे मला खिडकीतून ऐकू येत होते. धुराड्यात मात्र काहीतरी घुमायला लागले होते.

तेवढ्यात ठोका पडला.

मी तडकलो नव्हतो. गोठायला आत काही उरलेच नव्हते. तो घाव वरून आला, माथ्यावर, आणि किंचित डावीकडे कलून. इतकी वर्षे खाल्लेला घाव मी ओळखणार नाही का?

गुनवोर धडपडत उठली आणि धावत बाहेर आली. मोज्यांवरच, नेहमीसारखी. ती माझ्यापाशी पोचते न पोचते तोच घरात मोठा आवाज झाला. तिने वळून पाहिले. धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या आणि आत शेगडीच्या धूरनळीचा सांधा निखळून जळती काजळी तिच्या खुर्चीवर पडली होती. खिडकी धुराने काळी झाली.

अस्लाकने रस्त्यापलीकडून ज्वाळा पाहिल्या होत्या. अग्निशमनवाल्यांना फोन करून तो ओले फडके तोंडाला बांधून आत घुसला, शेगडीची हवा बंद केली आणि जळती खुर्ची ओढून अंगणात फेकली. बंबवाले आले, आग विझली, घर वाचले. ते गेल्यावर गुनवोर माझ्यावर बसली होती, अंगावर अस्लाकचा कोट. अस्लाकला आता राग आवरेना.

"वेड लागलंय का तुला? पडवी सुक्या लाकडानं भरलीये आणि तू ओलं जाळतेस!"

"ती संपली की तोही संपला, अस्लाक."

"अगं, त्यानं ती तुझे पाय गरम राहावेत म्हणून फोडली. काचेच्या कपाटात मांडायला नाही!"

खुर्चीच्या सांगाड्यातून अजून धूर येत होता.

"त्या दिवशी मी ठोका ऐकला आणि आतच बसून राहिले," ती म्हणाली. "फुगून. कॉफी थंड होतेय म्हणून."

"आणि आज?"

"आज उठले."

अस्लाकने पडवीत पाहिले. कुऱ्हाड खिळ्यावर होती. त्याने घसा खाकरला.

"छपरावरून बर्फ पडलं असेल."

"असेल," गुनवोर म्हणाली.

छपरावरचे बर्फ केव्हाच वितळून गेले होते. पण मला कोणी विचारले नाही.

धुराडे दुरुस्त झाले तेव्हा थंडी परतली होती. गुनवोर पडवीत आली, थप्पीतले दोन तुकडे घेतले आणि एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज झाला. ती रडली, मोकळी रडली आणि मग टोपली भरून लाकडे आत घेऊन गेली. हाल्वोरची लाकडे हिवाळा सरेपर्यंत पुरली. शेवटचे लाकूड जळाले त्या दिवशी तिने खिडकी उघडी ठेवली होती. घरात अजिबात धूर नव्हता.

आता अंगणात नवा ठोकळा आहे. उगाच तोरा मिरवतो, पण चांगला आहे. गुनवोर त्याच्यावर स्वतः लाकडे फोडते, थोडी थोडी, अस्लाकच्या शिव्या खात. मला मात्र तिने पावसातून आत घेतले. अस्लाक म्हणाला, "याचे तुकडे करून टाकू." ती म्हणाली, "पूर्ण सुकू दे त्याला. मग ज्या दिवशी सगळ्यात जास्त थंडी असेल त्या दिवशी." मी वाट पाहतो आहे. मला भीती वाटत नाही. माझ्या डोक्यावर फुटलेले सगळे जिथे गेले, तिथे शेवटी मीही जाईन आणि जाताना एक खोली गरम करीन.

तोवर तुमच्याजवळ एकच मागणे आहे, मित्रांनो. कोणी तुमच्यासाठी राबून काही ठेवून गेले असेल, तर ते वापरा. त्याची ऊब घ्या. आणि कोणी ठोका देऊन बोलावले, तर रुसून बसू नका, उठून बघा. आणि हो, पावसात ठोकळा बाहेर ठेवू नका.

परवाच गुनवोरने काम संपवले आणि नव्या ठोकळ्यावर ओंडका न ठेवता एक ठोका दिला. भरीव. आत किटली चढवायला कोणी नाही हे तिला ठाऊक आहे, तरी ती रोज देते. कुऱ्हाड रुतवून ती दाराकडे वळली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून मला कॉफीचा वास आला. मी लाकूड आहे, माझ्या नाकाचा काय भरवसा! पण तीही दारात थबकली होती.

मग ती लगबगीने आत गेली. या वेळी तिने कॉफी थंड होऊ दिली नाही.