हवेतून अर्धा तास

लातूरहून नांदेडला एसटीने चार तास, विमानाने अर्धा तास. हे साडेतीन तास वाचवायला माणसाने हवेत लटकावं का, याबद्दल गुरुपादप्पांचं मत पक्कं होतं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, विमानाचं नाव काढलं की नाक मुरडायचा. पण जावयाने हौसेने दोन तिकिटं पाठवली, तेव्हा हेच गुरुपादप्पा मुकाट्याने कटिंग करून आले. बायको कमलम्मा गालात हसली.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण त्या वर्षीच्या दुष्काळात लातूरच्या नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ कशाने घालणार? म्हणून लेक शिवगंगा नांदेडला सासरीच राहिली, आणि ही गोष्ट कमलम्माला फार लागली होती.

आता नात झाली होती. आणि नेमक्या निघायच्या दिवशीच नळ सुटणार असल्याची वर्दी गल्लीत आली. शेजारच्या दानम्माला सांगावं, तर तिचीच त्रेधा.

“तू जा,” गुरुपादप्पा म्हणाले. “मी पाणी भरून एसटीनं येतो.”

“तुमी जावा. मी भरते.”

“तुजे गुडघे चार तास गाडीत टिकतील का? जा म्हणलं ना.”

विमानात शेजारची खुर्ची रिकामी होती. कमलम्माने तिच्यावर पिशवी ठेवली, मग उचलून पुन्हा मांडीवर घेतली. खाली कोरडे तलाव सरकत होते. ती नीट बसते न बसते तोच नांदेड आलं.

जावई मल्लिकार्जुन गाडी घेऊन हजर होता.

“जावईबापू, मला एसटी स्टँडवर सोडा.”

“मामी, घर दहा मिनिटांवर हाय. शिवगंगा वाट बघून राहिली.”

“बघू द्या.”

लेकीने फोनवर आईला चांगलंच झापलं. मग विमान कशापायी, असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. कमलम्मा मात्र स्टँडच्या बाकावर गुडघे चोळत सहा तास बसली. जावई बिचारा चहा आणून देत राहिला.

संध्याकाळी लातूरची गाडी लागली. गुरुपादप्पा धुळीने माखून उतरले आणि समोर बायकोला बघून म्हणाले, “न्यायला कशाला आलीस? बाळ कुणावर गेलंय, ते सांग.”

“अजून बघितलं न्हाई.”

“आँ? सकाळधरनं काय केलंस मग?”

“शिवगंगा झाली, तवा लातूर नवा जिल्हा झालता. तुमी सोहळ्याच्या जादा गाड्या पळवत होता. चौथ्या दिवशी लेकीचं तोंड बघितलंत. तीन दिवस मी येकटीच बघत होते तिच्याकडं, अन् दाखवायला कुणी नव्हतं. आता येकटीला न्हाई बघायचं.”

गुरुपादप्पांनी तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि भर स्टँडवर, जावयासमोर, तिचा हात धरला.