गोळी माझ्याच घोटाबरोबर जायची

मी चहाचा कप बोलतोय. तोंड मला आहे, चांगलं रुंद आहे, पण ते कुणाला दाखवायला जागा उरलेली नाही. म्हणून फडताळाच्या मागच्या रांगेतून बोलतोय. सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीतला. ओल्या मातीला आकार दिला, कान चिकटवला, पोटावर दोन निळे पट्टे ओढले आणि दिलं आगीत ढकलून. आम्ही सहा भावंडं एका खोक्यात बसून बाजारात आलो. म्हातारीनं आम्हाला घेतलं तेव्हा ती म्हातारी नव्हती, तिचा मुलगा रांगत होता. त्या पठ्ठ्यानं पुढे आमच्यातल्या चौघांचा निकाल लावला. पाचवा मांजराच्या कृपेनं गेला. उरलो मी, आणि उरलेल्याला घरात आपोआप मान मिळतो. पाहुणा आला की मी, कुणी आजारी पडलं की मी. थोडा शेफारलोच होतो, कबूल करतो.

म्हातारीचा चहाही साधासुधा नाही. पावडर घालून ती इतका उकळते, इतका उकळते, की मुलगा चिडवायचा, "आई, यात दोरी बुडवली तर रंगून निघेल." म्हातारी म्हणायची, "मग पिऊ नकोस." तो मुकाट्यानं प्यायचा.

मुलगा मोठा झाला, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात लागला, त्याचं लग्न झालं. सून आली ती कामाची. धान्याच्या गोदामात भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा, दिवसभर उभं राहायचं. बोलायला कमी, हसायला मोकळी. म्हातारीचं आणि तिचं बरं जमलं होतं. भांडी घासताना दोघी मला मधे ठेवून गप्पा मारायच्या.

सुनेला चौथा महिना लागला तेव्हा सिस्टर आल्या. गावोगाव स्कूटरवर फिरणाऱ्या, घाईतल्या, पण मनानं चांगल्या. बोटाला टोचून रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, "दहा भरतंय. अकराच्या वर हवं. ह्या लोहाच्या गोळ्या. रोज एक, एकही चुकवायची नाही. तुझंही रक्त आणि बाळाचंही, दोघांचं यावर आहे." हे सगळं त्या माझ्यातला चहा पीत पीत बोलल्या. ते लक्षात ठेवा.

पहिली गोळी सुनेनं सकाळी पाण्याबरोबर घेतली आणि पाचव्या मिनिटाला अंगणात जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी तेच. तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखं वाटतं म्हणाली. म्हातारीचा जीव खालीवर झाला.

"पाणी राहू दे," ती म्हणाली. "माझ्या चहाबरोबर घे. त्याच्यापुढे कुठली चव टिकतेय?"

तिसऱ्या दिवशी गोळी माझ्यातल्या घोटाबरोबर गेली आणि पोटात राहिली. म्हातारी खूश, सून खूश. माझा तर ऊर भरून आला. तेव्हापासून नियमच झाला. सकाळी म्हातारी पाकिटातून गोळी दाबून काढायची, सुनेच्या तळहातावर ठेवायची आणि मला पुढे करायची. गोदामाला सुट्टी असो, अंगात कणकण असो, एक दिवस चुकला नाही. इतक्या नेमानं आमच्या घरात दुसरं काहीच झालेलं नाही.

महिन्यानं सिस्टरनी पुन्हा टोचलं. नऊ. त्यानंतर साडेआठ. सुनेची नखं पांढरी पडली. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. एकदा गोदामात पोतं शिवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाभण बोटातून आरपार गेलं. बोट बांधून घरी आली तर म्हणते, "काही नाही, जरा लागलं."

सिस्टरनी पाकिटं पाहिली. सगळी रिकामी, नीट रचून ठेवलेली.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"रोज?"

"रोज."

"मग रक्त जातंय कुठं?" असं म्हणून त्यांनी दारापाशी म्हातारीला बाजूला घेतलं. "मावशी, बऱ्याच जणी पाकीट रिकामं करतात आणि गोळी टाकून देतात. जरा लक्ष असू द्या."

त्या गेल्या, पण संशय घरात ठेवून गेल्या. म्हातारीनं सुनेची गादी उलटी केली. सुतळीची पिशवी झटकली. चुलीतली राखसुद्धा काडीनं चाळून पाहिली. सापडलं काही नाही. नसलेलं सापडणार कसं? पण माणसाचं उलटं असतं. सापडलं नाही तर ते म्हणतात, फारच हुशारीनं लपवलंय.

दुसऱ्या दिवशी सुनेनं गोळी घेतली, चहा प्यायली. म्हातारी समोरून हलली नाही.

"तोंड उघड."

सुनेला कळेना.

"उघड म्हणते ना. जीभ वर कर."

बाजारात गुराचे दात बघतात तसं म्हातारीनं तिचं तोंड पाहिलं. मुलगा तिथंच होता, तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिला. सुनेनं तोंड मिटलं, मला विसळून पालथं घातलं आणि गोदामाला निघाली. त्यानंतर रोज सकाळी हेच. गोळी, चहा, तोंड, जीभ. भांडी घासतानाच्या गप्पा बंद झाल्या.

मी सगळं पाहत होतो. गोळी गिळली जाते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी गप्प राहिलो याची लाज वाटते असं समजू नका. कप गप्पच असतो. माझी लाज पुढे आहे.

सातवा महिना सरत आला. सिस्टरनी टोचलं, आठ. नेमकी शेळी सुटली म्हणून म्हातारी बाहेर धावली. सिस्टर मला हातात घेऊन सुनेजवळ सरकल्या.

"खरं सांग, बाळ. मी रागावणार नाही."

"नाही हो टाकत, सिस्टर." सुनेनं दाराकडे पाहिलं. "पण एक सांगायचं होतं. शौचाला काळं होतं. तीन महिने झाले. आईंना कुठल्या तोंडानं सांगू? मला काही मोठा आजार आहे का?"

सिस्टरचा हात अर्ध्यावर थांबला. "काळं होतं? अगं, लोहाची गोळी पोटात गेली की तसं होतंच. घाबरायचं नाही त्याला." आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू घेतेयसच."

"घेतेच आहे."

"कशाबरोबर घेतेस?"

सुनेनं दाभण लागलेलं ते बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. "याच्यातल्या चहाबरोबर. आई स्वतः करून देतात."

सिस्टरनी मला खाली ठेवलं, पुन्हा उचललं नाही. कपाळाला हात लावून बसल्या. "गोळीबरोबर चहा गेला की तिच्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही, वाया जातं. दुधाचंही तसंच. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी मात्र ह्याच कपातला चहा प्यायले, चुकवू नकोस म्हणाले आणि निघून गेले. वर तुलाच खोटं ठरवलं."

म्हातारी दारात उभी होती. शेळीची दोरी हातात तशीच. "मी पाजला," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मीच पाजला तिला."

तर माझी लाज ही. ज्या घोटाचा मला गर्व होता, तोच तिचं रक्त अडवत होता. तिनं इतक्या नेमानं गिळलेलं मी तितक्याच नेमानं वाया घालवलं.

सिस्टरनी तिला डॉक्टरांना दाखवून आणलं. गोळी संध्याकाळी जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर सुरू झाली, आणि चहा गोळीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास बंद. मळमळलं, पण ओकली नाही. रक्त चढू लागलं. नऊच्या वर गेलं, तेवढ्यात दिवस भरले. वाया गेलेले तीन महिने कुणाला परत आणता आले नाहीत.

दवाखान्यात म्हातारीनं थर्मासबरोबर मलाही नेलं. मुलगी झाली, लहानखुरी, पण रडली खणखणीत. सुनेचं रक्त मात्र थांबेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "बाळ ठीक आहे. आईचं अजून सांगता येत नाही. अंगात मुळात रक्त कमी आहे." रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. म्हातारीनं मला भरलं आणि घोटभरही प्यायली नाही. माझ्यावर साय धरली, ती बघत बसली. दुपार टळल्यावर आतून निरोप आला की आता धोका नाही. तेव्हा ती रडली.

बाळंतपणानंतरही गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी म्हातारीनं पाण्याचा पेला आणि गोळी आणून दिली. सुनेनं गोळी गिळली, पाणी प्यायली आणि तोंड उघडून जीभ वर केली. कुणी म्हटलं नव्हतं.

म्हातारीनं तिच्या हनुवटीखाली हात धरला. "मिट ग, मिट. चुकलं माझं, पोरी."

"राहू द्या, आई," सून म्हणाली. "सवय लागली." आवाजात राग नव्हता. राग असता तर म्हातारीला सोपं गेलं असतं.

मला कुणी फोडलं नाही. मी अजून चहाच्या कामाला आहे, फक्त माझी वेळ बदलली आहे आणि रांगही. म्हातारी मला रोज घासते, पण माझ्याकडे बघत नाही. मीही तिच्याकडे बघत नाही. एका चुकीचे दोघे भागीदार असे एका स्वयंपाकघरात राहतो.

तुम्हाला एकच मागणं आहे. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर मला तिच्यापासून दूर ठेवा. रोज घेऊनही रक्त भरत नसेल, तर कशाबरोबर घेतेस, एवढं विचारा आणि सिस्टरना सांगा. तिला तोंड मात्र उघडायला लावू नका.